एकाच मेंदूचे दोन ईईजी: पहिला नॉर्मल, दुसरा नाही

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज मोजणाऱ्या टेस्टच्या, खोलीत वर्षानुवर्षं दिसत राहणाऱ्या गोष्टी एका तरुणीच्या प्रकरणात एकत्र करून मांडल्या आहेत. वय २४, मूळची सोलापूर जिल्ह्यातली, दोन वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करणारी.

घडलं काय

टेस्ट सिरीजचा पेपर होता. अभ्यासिकेतून रात्री तीनला येऊन झोपली, सव्वासहाला गजर लावून उठली. दात घासताना ब्रश हातातून उडाला, मग चहाचा कप. दहा मिनिटांत एक विचित्र ओरड आली आणि ती दोन कॉटांच्या मधल्या जागेत पडली. आधी अंग ताठ, मग हातापायांना झटके, ओठ निळसर. सगळं मिळून दीडेक मिनिट. जिभेच्या कडेला चावा, कपड्यात लघवी, आणि त्यानंतर अर्धा तास ‘आज वार कोणता’ हेही सांगता येईना. एका मैत्रिणीने नेहमीप्रमाणे कांदा आणला, दुसरीने मात्र दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या: तिला कुशीवर वळवलं आणि शेवटच्या चाळीस सेकंदांचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला. पुढे निदानात या व्हिडिओचा उपयोग पहिल्या ईईजीपेक्षा जास्त झाला.

घरचे तिला गावी घेऊन गेले. चार दिवसांनी जवळच्या शहरात ‘डोक्याला वायरी लावून करतात ती टेस्ट’ झाली. रिपोर्ट एका ओळीचा: जागृत अवस्थेतील ईईजी, नॉर्मल. घरात दोन तट पडले. वडिलांच्या मते काहीच नव्हतं, जागरणाने चक्कर आली असणार. स्थानिक डॉक्टरांनी फिटचं वर्णन ऐकून कार्बामाझेपिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्यामुळे आईचा प्रश्न होता की टेस्ट नॉर्मल तर गोळ्या कशाला. तीन आठवड्यांत हातातून वस्तू उडवणारे सकाळचे झटके कमी व्हायचे ते वाढले. आता रोजच कपबशी फुटू लागली. आजीचं निदान ‘लक्ष कुठे असतं हिचं’ हे होतं.

पहिल्या टेस्टमध्ये काय चुकलं

यंत्र ठीक होतं. चूक आधीच्या संध्याकाळपासून सुरू झाली होती.

टेस्ट म्हणून आईने आदल्या रात्री डोक्यावर खोबरेल चोपडलं, ‘डोकं शांत राहील’ म्हणून, आणि घट्ट वेणी घातली. खोबरेल तेल विजेला आडवं येतं. मेंदूतून टाळूपर्यंत पोचणारा संदेश आधीच अतिशय क्षीण असतो. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला येणाऱ्या अल्फा लहरी सुमारे ५० मायक्रोव्होल्टच्या असतात. छातीवर काढलेल्या ईसीजीतला मोठा ठोका साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे त्याच्या वीसपट. इतक्या बारीक संदेशाच्या वाटेत तेलाचा थर आला की वाटी (वायरीच्या टोकाची, डोक्याला चिकटवायची छोटी चकती) आणि त्वचा यांच्यातला अडथळा, ज्याला खोलीतले लोक इम्पीडन्स म्हणतात, वाढतो. तो ५ किलो-ओहमच्या आत असावा ही जुनी कसोटी. नव्या यंत्रांना १० पर्यंत चालतं. तिच्या पहिल्या नोंदीत सहा जागी तो २० च्या वर होता. तेव्हा मेंदूच्या लहरींपेक्षा भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० लहरींची) घरघर जास्त उमटते. मग ती झाकायला गाळणी (फिल्टर) लावावी लागते. गाळणीने आलेख दिसायला स्वच्छ होतो, पण वाटी नीट चिकटलेली नाही हे त्याखाली लपून जातं.

दुसरं, ती उपाशी आली होती. रक्ततपासणीला उपाशी जायचं असतं, मग यालाही असणार असा समज. ईईजीला उपाशीपोटी जाऊच नये. रक्तातली साखर उतरली की लहरी मंदावतात, आणि दीर्घ श्वास घ्यायला लावल्यावर येणारी नेहमीची मंदगतीही फुगून दिसते. हिला तर पन्नास श्वासांतच गरगरलं आणि तो भाग मध्येच सोडावा लागला. लुकलुकत्या दिव्याची चाचणी झाल्याची नोंदच नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. टेस्टची वेळ दुपारी तीनची. गावी आल्यापासून ती रोज नऊ-नऊ तास झोपत होती. ज्या मेंदूचा आजार अपुऱ्या झोपेनंतर, जाग आल्याच्या पहिल्या तासात उसळतो, त्याची नोंद पुरेशी झोप झालेल्या दिवशी दुपारी घेतली. एकूण नोंद चौदा मिनिटांची. साध्या ईईजीत निदान २० मिनिटं तरी वाचण्याजोगी नोंद हवी आणि झोप टिपायची असेल तर अर्धा तास, ही आजची अपेक्षा आहे.

आणि मागणीपत्रावर एकच शब्द होता: ‘फिट?’. सकाळच्या झटक्यांचा उल्लेख नाही, कारण तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता आणि घरच्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मुळात ही टेस्ट काय पाहते

ईईजी मेंदूत वीज सोडत नाही, मेंदूतली वीज मोजतो. शॉक नाही, सुई नाही, केस कापणं नाही. मनातले विचार त्यात दिसत नाहीत (हा प्रश्न रोज येतो, सुशिक्षितांकडूनही). गाठ, रक्तस्राव, जुनी इजा यांचं चित्र एमआरआय देतो. ईईजी त्या क्षणी मेंदूच्या पेशी कोणत्या लयीत काम करताहेत ते दाखवतो. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

मर्यादा दोन. एक म्हणजे जागेची: टाळूवर काही उमटायला मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण सहा ते दहा चौरस सेंटिमीटर भाग एकाच वेळी पेटावा लागतो. खोल किंवा छोट्या जागची ठिणगी वरपर्यंत येतच नाही. दुसरी वेळेची: महिन्यात एखादी फिट येणाऱ्या माणसाच्या मेंदूचा वीस मिनिटांचा तुकडा आपण पाहतो. एपिलेप्सी (फेफरं) असलेल्या प्रौढांपैकी सुमारे निम्म्यांच्याच पहिल्या ईईजीत त्याची खूण सापडते. तीन-चार वेळा केला, त्यात झोप टिपली, तर हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून ‘नॉर्मल’चा अर्थ ‘या वीस मिनिटांत काही पकडलं गेलं नाही’ एवढाच घ्यायचा.

उलट बाजूही तितकीच खरी. ब्रिटनच्या हवाई दलात भरतीसाठी आलेल्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी तपासले गेले, त्याचा अहवाल १९९३ मध्ये आला. अर्ध्या टक्क्याच्या आसपास तरुणांत एपिलेप्सीसारख्या लहरी दिसल्या, आणि त्यांतल्या अगदी थोड्यांनाच पुढे फिट आली. तेव्हा डोकेदुखी, विसराळूपणा, ‘टेन्शन’ यासाठी सहज म्हणून ईईजी काढू नये. निघालाच एखादा काटा (आलेखातली अणकुचीदार लहर) तर गरज नसलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात.

एक प्रश्न

पुण्यात परत आल्यावर मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी व्हिडिओ पाहिला. मग विचारलं, ‘सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का? पडतात असं नाही, उडतात?’ तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘अकरावीपासून मॅडम. आम्ही तिला वेंधळीच म्हणतो.’

या एका उत्तराने दिशा बदलली. पौगंडात सुरू होणारे सकाळचे खांदे-हातांचे झटके, शुद्ध शाबूत, जागरणानंतर जास्त, आणि काही वर्षांनी एक मोठी फिट, हे जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचं ठरलेलं वर्णन. डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही मोठी फिटच मोजतात, छोटे झटके सोडून देतात. इथे त्याचा तोटा दुहेरी होता, कारण कार्बामाझेपिन हे औषध काही प्रकारच्या फिट्सना उत्तम असलं तरी या प्रकारातले झटके वाढवू शकतं. आजीच्या कपबश्या त्यामुळे फुटत होत्या.

दुसऱ्या ईईजीची मागणी मग अशी लिहिली गेली: सकाळचे झटके सात-आठ वर्षं, जागरणानंतर एक मोठी फिट, कार्बामाझेपिन चालू, झटके वाढले, अपुऱ्या झोपेनंतर, सकाळी, झोप आणि जाग दोन्ही टिपावी, दिव्याची चाचणी हवी. असं पत्र हातात असलं की तंत्रज्ञाला काय शोधायचं ते कळतं.

आदली रात्र आणि सकाळ

टेस्ट सकाळी आठची. तिला सांगितलं: रात्री दहाला झोप, दोनला उठ, त्यानंतर डोळा लागू द्यायचा नाही. प्रौढांत चार तासांपेक्षा जास्त झोप नको हा साधारण नियम. काही ठिकाणी पूर्ण रात्र जागायला सांगतात. उठून जागं राहायला चहा-कॉफी चालत नाही, कारण मग खोलीत झोप येत नाही आणि सगळी रात्र वाया जाते. ज्यांना वरचेवर मोठ्या फिट येतात त्यांनी हे घरी करू नये, जागरणानेच फिट येऊ शकते. सोबत जागं माणूस हवं. स्वतः गाडी चालवत यायचं नाही, दुचाकीवर मागेही बसायचं नाही. सगळ्यात जास्त फसगत होते ती रिक्षात किंवा एसटीत लागलेल्या पंधरा मिनिटांच्या डुलकीने. तेवढ्यात झोपेची भूक भागते आणि खोलीत आल्यावर माणूस टक्क जागा. म्हणून आईला सांगितलं होतं, वाटेत तिच्याशी बोलत राहा. आईने सगळ्या आत्या-माम्यांची लग्नं पुन्हा एकदा लावली.

केस आदल्या संध्याकाळी शाम्पूने दोनदा धुवायचे. त्यावर कंडिशनर, तेल, जेल, स्प्रे काही नाही. पूर्ण वाळवायचे, ओल्या केसांत पेस्ट पसरते आणि शेजारच्या दोन वाट्या एकमेकींना जोडल्या जाऊन दोन्हीकडची नोंद सारखीच येते. वेणी, गजरा, पिना नकोत. कानातलं काढायचं, कारण कानांच्या पाळ्यांनाही वाट्या लागतात. टिकलीच्या डिंकाचा प्रश्न कुणाला सुचत नाही, पण कपाळावरच्या वाट्यांच्या मधोमधच तो येतो. टिकली काढून कपाळ साबणाने धुवायचं. फाउंडेशन असेल तर तेही. पुढून बटणं असलेला सैल शर्ट किंवा कुर्ता, म्हणजे नंतर पेस्ट भरलेल्या डोक्यावरून काढायला लागत नाही.

नाश्ता पोटभर. तिने पोहे खाल्ले होते.

गोळ्या नेहमीच्या वेळी. हे जरा ठासून सांगायला हवं, कारण ‘टेस्टमध्ये खरं कळावं म्हणून’ स्वतःहून गोळ्या बंद करून येणारे कमी नाहीत. फिटची गोळी अचानक तोडली तर एकामागून एक फिट येऊन जीवावर बेतू शकतं. कधी औषध कमी करून नोंद घ्यावी लागते, पण ते रुग्णालयात दाखल करून, डॉक्टरांच्या नजरेखाली. सोबत मात्र प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटची कधी घेतली ते लिहून आणायचं. झोपेच्या किंवा घाबरण्यावरच्या गोळ्या तर आवर्जून: अल्प्राझोलाम, क्लोबाझाम यांसारख्यांनी आलेखभर वेगवान बीटा लहरी पसरतात आणि जे शोधायचं ते दबून जाऊ शकतं. कवटीचं जुनं ऑपरेशन, टाके, टाळूला जखम किंवा उवा असतील तर तेही लाज न बाळगता सांगावं. कवटीत फट असेल तिथे लहरी उंच आणि टोकदार दिसतात. माहीत नसलेला वाचणारा त्यालाच आजार समजेल.

मोजपट्टी, लाल पेन्सिल, हरभऱ्याएवढी पेस्ट

निम्मा वेळ तयारीतच जातो. तंत्रज्ञ नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत पट्टी धरतो. हिचं अंतर ३६ सेंटिमीटर. त्याचे दहा आणि वीस टक्के काढायचे: पहिली खूण ३.६ वर, पुढची १०.८ वर, माथ्याची १८ वर, मग २५.२ आणि ३२.४. असंच एका कानासमोरच्या खळगीपासून दुसऱ्यापर्यंत, आणि मग डोक्याभोवती. म्हणून या पद्धतीचं नाव टेन-ट्वेंटी. घाईची ठिकाणं नजरेनेच वाट्या लावतात. मग डावी वाटी उजवीपेक्षा सेंटिमीटरभर पुढे बसते आणि दोन बाजूंत नसलेला फरक दिसतो. तुमच्या डोक्यावर पट्टी फिरली नाही, तर विचारायला हरकत नाही.

प्रत्येक खुणेवर केस बाजूला सारून खरखरीत जेलने त्वचा घासतात. इथे किंचित चुरचुरतं, पूर्ण टेस्टमध्ये एवढाच काय तो त्रास. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट भरलेली वाटी. डोक्यावर १९, कानांवर २, शिवाय तुलनेसाठी लागणाऱ्या ग्राउंड आणि रेफरन्सच्या. छातीवर ईसीजीची एक जोडी. हिच्या बाबतीत दोन्ही खांद्यांच्या स्नायूंवरही एकेक जोडी लावली, कारण झटका आणि लहर एकाच क्षणी येतात का हे पाहायचं होतं. समोर कॅमेरा. या वेळी सगळ्या जागी इम्पीडन्स ५ च्या आत आला. खोलीत पंखा तिच्या अंगावर नव्हता, एसी होता: घाम आला की आलेख संथ लाटांसारखा वर-खाली डोलतो, आणि पंख्याने वायरी हलल्या तरी त्याची लहर उमटते. मोबाईल बाहेर. चार्जरला लावलेला तर नक्कीच बाहेर.

‘ताई, आता डोळे मिटा. जबडा सैल सोडा, दात एकमेकांवर ठेवू नका.’ दात आवळले की कपाळपट्टीच्या बाजूचे स्नायू आलेख काळा करून टाकतात. डोळ्यांची उघडझाप, गिळणं, जीभ हलवणं, प्रत्येकाची आपली एक लहर असते. तंत्रज्ञ मुद्दाम ती करायला लावतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला खोटी लहर कोणती ते कळतं.

सव्वा तासात काय उमटलं

डोळे मिटताच मागे १० हर्ट्झच्या सुरेख अल्फा लहरी. उघडले की गायब. तिच्या मेंदूची मूळ लय अगदी निरोगी होती, आणि या आजारात ती तशीच असते. पहिल्या नोंदीत तेवढंच दिसलं होतं.

मग तीन मिनिटं दीर्घ श्वास, मिनिटाला वीसच्या आसपास. ओठ आणि बोटांना मुंग्या येतात, हलकं वाटतं. जोरात श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याचा हा परिणाम. थांबल्यावर एक-दोन मिनिटांत जातो. मात्र अलीकडे पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, हृदयाचा वा फुप्फुसांचा गंभीर आजार असेल, सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर हा भाग करत नाहीत. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या रुग्णांना सिकल सेलबद्दल मुद्दाम विचारावं लागतं. रुग्णाने आपणहून सांगितलं तर उत्तमच.

दुसऱ्या मिनिटानंतर टोकदार लहरींचा अर्ध्या सेकंदाचा एक झोत आला. पुरेसा नाही, पण डोळा ठेवावा असा.

त्यानंतर ती झोपली, जागरणामुळे चार मिनिटांतच. अल्फा विरघळल्या, माथ्यावर टोकदार लहरी उमटल्या, मग १२ ते १४ हर्ट्झच्या चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या स्पिंडल. माथ्यावरच्या या लहरी तरुणांत इतक्या अणकुचीदार असतात की नवखा वाचणारा त्यांना एपिलेप्सी म्हणून मोकळा होतो. त्या झोपेच्या निरोगी खुणा आहेत. पंचवीस मिनिटांनी तंत्रज्ञाने तिला हाक मारून उठवलं, आणि इथेच खरी नोंद सुरू झाली. उठल्याच्या दुसऱ्या मिनिटाला, दोन्ही बाजूंना एकदम, कपाळाकडे जास्त, काट्यांचे घोस आणि त्यामागे एक संथ लाट, सेकंदाला चार ते पाच वेळा, दीड सेकंद. खांद्यांच्या स्नायूंच्या नोंदीवर त्याच क्षणी एक तोकडा काळा पट्टा. व्हिडिओत उजवा हात चादरीवरून उडालेला दिसतो. ‘हेच ते,’ ती स्वतःच म्हणाली.

दिव्याची चाचणी शेवटी. डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर लुकलुकता दिवा, सेकंदाला एकपासून वाढत जाणारा, प्रत्येक वेग दहा सेकंद. अंधाऱ्या खोलीत ते भयंकर दिसतं, पण बहुतेकांना त्रास होत नाही. १६ ला तोच काट्यांचा घोस आला, पापण्या आणि खांदे थरथरले, आणि तंत्रज्ञाने त्याच क्षणी दिवा बंद केला. थांबवायला उशीर झाला तर मोठी फिट येऊ शकते. म्हणून श्वास आणि दिवा या दोन भागांत फिट येण्याची थोडी शक्यता असते, हे रुग्णाला आधी सांगून त्याची संमती घ्यायला हवी. प्रौढ माणूस ‘दिवा नको’ म्हणू शकतो. तसं झालं तर रिपोर्टमध्ये ‘केला नाही’ असं लिहायचं, मोकळी जागा ठेवायची नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

दुसरा रिपोर्ट पानभर होता. नोंद किती मिनिटांची, जाग आणि झोप किती, कोणत्या गोळ्या चालू, मूळ लय काय, श्वासाने आणि दिव्याने काय झालं, झटका आणि लहर सोबत आली का, आणि शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: सर्वांगीण (मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम उसळणाऱ्या) प्रकारच्या एपिलेप्सीशी सुसंगत, मायोक्लोनिक झटका नोंदला गेला. रिपोर्टमध्ये या गोष्टी नसतील तर ‘नॉर्मल’ला फारसा अर्थ नाही. आणि ‘ॲबनॉर्मल’ दिसलं तरी पुढचा शब्द वाचायचा. ‘मंद लहरी’ म्हणजे एपिलेप्सी नव्हे. त्या झोपाळूपणाने, औषधाने, साखर उतरल्याने, यकृत-मूत्रपिंडाच्या बिघाडानेही येतात. एपिलेप्सीकडे बोट दाखवतात ते काटे आणि टोकदार लहरी, तेही रुग्णाच्या हकिकतीशी जुळले तर.

नंतर

कार्बामाझेपिन हळूहळू उतरवत लेव्हेटिरासेटाम सुरू केलं. या आजारावर व्हॅल्प्रोएट सगळ्यात जोरकस, पण गरोदरपणी घेतलं तर दहातल्या एका बाळात व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांत वाढीच्या अडचणी आढळतात. २४ वर्षांच्या मुलीला ते पहिलं औषध म्हणून देत नाहीत. लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड वाढते. रूममेटलाच आधी कळते, म्हणून तिलाही सांगून ठेवलं. पाच आठवड्यांत सकाळचे झटके थांबले.

वडिलांनी विचारलं, आता दर सहा महिन्यांनी ईईजी करून बघायचा का. नाही. औषध लागू पडतंय की नाही हे डायरीतल्या झटक्यांवरून ठरतं. ईईजी पुन्हा लागतो तो नवीन प्रकारची फिट आली, वागण्यात न समजणारा बदल झाला किंवा औषधं बदलण्याचा मोठा निर्णय असेल तर. आलेख स्वच्छ आला म्हणून गोळ्या सोडायच्या हेही नाही. या प्रकारात गोळी सोडल्यावर झटके परतणं नेहमीचं आहे.

आईचा प्रश्न वेगळा होता, आणि तो खोलीतून सगळे बाहेर गेल्यावर आला. लग्नाचं काय. हिंदू विवाह कायद्यातली एपिलेप्सीची आडकाठी १९९९ च्या दुरुस्तीने निघाली आहे. तरी टेस्टच चोरून करणारी, फाईल दुसऱ्या नावाने काढायला सांगणारी घरं आहेत. वेगळ्या नावाची फाईल पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचत नाही आणि मुलगी पुन्हा कार्बामाझेपिनवर जाते. गाडीबद्दलही स्पष्ट बोलावं लागलं: लायसन्सच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये फेफरं किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट प्रश्न आहे, आणि तिथे खोटं लिहायचं नाही.

दिव्याला प्रतिसाद आल्याने एक सूचना तिला नवीनच होती. विसर्जन मिरवणुकीत डीजेसमोरचे लुकलुकणारे दिवे अंगावर आले तर दोन्ही डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून प्रकाश आत येतोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, तोंड फिरवायचं आणि बाजूला व्हायचं.

अभ्यासिकेचं वेळापत्रक बदललं. रात्री साडेअकराला दिवे बंद, सात तास झोप, सकाळच्या पेपरला उठल्यावर पहिला अर्धा तास हातात गरम काही नाही. दोन्ही ईईजींचे रिपोर्ट आणि दुसऱ्याची सीडी एकाच फाईलमध्ये आहेत. पहिला रिपोर्ट वडील फाडून टाकणार होते. तो ठेवायला सांगितला, आणि त्याच्या कोपऱ्यात पेनने लिहून घेतलं: केसांना तेल, उपाशी, दुपारी तीन, झोपेची नोंद नाही, दिवा नाही, चौदा मिनिटं.